हलकं बटण

टिप्याला कुत्र्यांची भीती नव्हती, उंचीची नव्हती, पाच हजार लोकांसमोर काचेच्या खोलीत बसून खेळायचीही नव्हती. त्याची पाचावर धारण बसायची ती एका पांढऱ्या फळ्यासमोर.

हा फळा टीमच्या घराच्या तळमजल्यावर, फ्रिज आणि बेसिन यांच्या मधल्या भिंतीवर लावलेला होता. रोज सकाळी, चहाच्याही आधी, पाचही खेळाडूंनी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं. पडदा लाल असायचा. तो हिरवा झाला रे झाला की माउसचं बटण दाबायचं. हिरवा झाल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला ते मशीन सांगायचं, एका सेकंदाचे हजार तुकडे करून. असं दहा वेळा. मग सरासरी निघायची आणि कोच ती मार्करने प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचा. लिहिताना तो अवाक्षर काढत नसे. माणूस बोलला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. आकड्याशी काय भांडणार?

तुमचा-माझा आकडा अडीचशेच्या खाली यायचा नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही. पण टिप्याची भाकरी त्या आकड्यावर होती. पडद्यावरचा बंदुकांचा खेळ, पाच विरुद्ध पाच. समोरचा भिंतीआडून डोकं काढतो आणि आत घेतो, तेवढ्यात त्याला टिपायचं. यात तो इतका तरबेज होता की त्याचं खरं नाव टीममध्ये कुणालाच आठवत नसे. एकोणिसाव्या वर्षी त्याचा आकडा एकशे बावन्न होता. आता तो चोवीस वर्षांचा झाला होता, बाकीची पोरं त्याला "आजोबा, सावकाश, पायरी आहे" म्हणून चिडवायची, आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे एकशे सत्त्याहत्तर, एकशे ब्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी असं चढत चाललं होतं. चढताना बघून आनंद व्हावा असे आकडे जगात पुष्कळ आहेत. हा त्यांतला नव्हता.

सगळ्यांना वाटायचं, वय. खरं कारण फक्त टिप्याला ठाऊक होतं. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मरत चालली होती.

'मरत' हा त्याचाच शब्द, मनातल्या मनात वापरलेला. सुरुवातीला सकाळी उठलं की हात झोपलेला असायचा. झटकला, गरम पाण्याखाली धरला की मुंग्या येऊन जागा व्हायचा. मग मुंग्या दिवसभर मुक्कामाला राहायला लागल्या. एक दिवस त्याही गेल्या, आणि या वेड्याला उलट बरं वाटलं. दोन दिवसांनी बुटाची नाडी बांधताना त्याच्या लक्षात आलं, की नाडी बोटात आहे की सुटली हे बघितल्याशिवाय कळत नाहीये. त्या क्षणी काळजात जे धस्स झालं ते तिथेच घर करून बसलं.

दोन महिन्यांनी त्याचा करार संपत होता. टीमच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, फायनल होऊ दे, त्याच दिवशी दोन वर्षांच्या नव्या कागदावर सही करू. त्या एका सहीवर सगळं होतं. पाच वर्षांच्या पगारातून आणि बक्षिसांतून त्याने लिफ्टच्या इमारतीत घर घेतलं होतं, कारण आईचे गुडघे तिला जिने चढू देत नव्हते. खेळाचं सामान बनवणारी एक कंपनी त्याच्या नावाने कीबोर्ड विकायची आणि दर तीन महिन्यांनी घरी खोकी पाठवायची. आई त्या खोक्यांत गोधड्या ठेवायची आणि तरीही पोराला "खेळायला चाललास का?" असंच विचारायची. दुसरं काही टिप्याला येत नव्हतं. शाळा त्याने मधेच सोडली होती आणि शाळेनेही त्याला फारसं अडवलं नव्हतं. बोट गेलं की चोविसाव्या वर्षी माणूस निवृत्त. इतरांना निवृत्त होताना निदान एक घड्याळ तरी मिळतं. इथे नुसती खुर्ची रिकामी करायला सांगतात.

मग त्याने एक युक्ती काढली.

टीमचं सामान सांभाळायला एक मिस्त्री होते. वय साठीच्या आसपास. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे, मग प्रिंटर, आणि जगाने ती दोन्ही कामं जवळजवळ बंद केल्यावर इथे आले. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण कीबोर्डावरची कुठली कळ झिजलीय यावरून कोण उतावळा आणि कोण भित्रा हे ते बरोबर सांगत. प्रत्येक खेळाडूचं एकेक कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. टेबलाच्या कडेपासून कीबोर्ड किती लांब, पडदा डोळ्यांपासून किती, खुर्ची किती उंच, माउसच्या वायरीला ढील किती, सगळं त्यावर. परक्या हॉलमध्ये सामना असला की मिस्त्री शिंप्याची कापडी टेप काढून टेबल मापायचे आणि चिकटपट्टीच्या खुणा करायचे. डोळे मिटून बसलं तरी हात जागच्या जागी पडला पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

"काका, याचं डावं बटण जरा हलकं करून देता?" टिप्याने एका दुपारी माउस त्यांच्यापुढे ठेवला.

मिस्त्रींनी तो उघडला. आत नखाएवढी एक तांब्याची पट्टी होती. बोट खाली गेलं की तीच त्याला वर ढकलते. चिमट्याने त्यांनी ती किंचित वाकवली.

"झालं. कार्डावर लिहून ठेवतो."

"नको काका. आपल्यातच राहू दे."

मिस्त्रींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, पण लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकशे एकाहत्तर लागले. कोचने पहिल्यांदाच पाठीवर थाप मारली. आठवडाभर टिप्याला शांत झोप लागली. नवव्या दिवशी आकडा परत चढला, टिप्या परत मिस्त्रींकडे गेला आणि पट्टी परत वाकली. तिसऱ्या खेपेला मात्र मिस्त्रींनी चिमटा खाली ठेवला.

"याच्यापुढे हलकं केलं तर फुंकर मारली तरी गोळी सुटेल."

"सुटू दे. मला तसंच लागतं."

"टाइपरायटरच्या दिवसांत एका ऑफिसातल्या बाई होत्या," मिस्त्री म्हणाले. "दर महिन्याला निरोप यायचा, मिस्त्री, कळा हलक्या करून द्या. मी करून द्यायचो. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. एकदा गेलो तर त्यांच्या जागी दुसऱ्या बाई बसल्या होत्या." त्यांनी टिप्याच्या हाताकडे बघितलं. "तुझं बोट बरं आहे ना?"

"बोटाला काय धाड भरलीय?" टिप्या हसला. उसनं अवसान आणून हसलेलं हसू ओळखायला मिस्त्री असावं लागत नाही. पण त्यांनी पट्टी वाकवून दिली. त्यांचं हे चुकलं, आणि ते त्यांना त्याच वेळी कळत होतं.

फायनलला दहा दिवस राहिले असताना टिप्या सुट्टीला घरी गेला. ताई स्वयंपाकघरात होती. ताई म्हणजे थोरली बहीण. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि घरात सगळ्यांची डॉक्टर. एके काळी हिनेच त्याच्या कॉम्प्युटरची वायर कपाटात कुलूपबंद केली होती. आता त्याचे करार ओळ न ओळ वाचायची. गॅसवर दूध उकळत होतं. वर यायला लागलं तसं टिप्याने पटकन झाकण उचललं आणि ओट्यावर ठेवलं. चिमट्याशिवाय, फडक्याशिवाय, आरामात. मग तो तिला म्हणाला, "साखर कुठेय?"

ताईने साखर दिली नाही. तिने त्याचा हात ओढून उजेडाकडे धरला. अंगठ्यावर आणि तर्जनीवर लालभडक चट्टा उठला होता.

"भाजलं नाही तुला?"

"थोडंसं."

"बस खाली. डोळे मीट." तिने दार लोटून घेतलं आणि केसांतली पिन काढली. "मी टोचते. बोट सांग."

"तायडे, काय हा पोरकटपणा."

"मीट म्हटलं ना."

त्याने डोळे मिटले. करंगळीला टोचल्याचं त्याला कळलं. "करंगळी." तिच्या शेजारचं बोटही त्याने बरोबर सांगितलं. मग काहीतरी लांबून, जाड कापडाआडून लागल्यासारखं वाटलं. "मधलं," तो अंदाजाने म्हणाला. त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. दूध उतू गेल्याचा वास आला. ताईने गॅस बंद केला नाही.

"टोच की," तो म्हणाला. "किती वेळ?"

 शेवटी त्याने डोळे उघडले. पिन तर्जनीच्या टोकात रुतलेली होती आणि तिच्या बुडाशी रक्ताचा टपोरा थेंब आला होता. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. टिप्या आपल्याच बोटाकडे बघत राहिला. ते त्याचं वाटत नव्हतं. दुकानात ठेवलेली वस्तू बघावी तसा तो त्याकडे बघत होता.

"कधीपासून?"

"तीन महिने."

"दाढ काढताना आम्ही पेशंटला बधिर करायची सुई देतो," ताई हळू आवाजात म्हणाली. "तो घरी जाऊन स्वतःचा ओठ चावतो आणि रक्त आलं तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून आम्ही दहा वेळा बजावतो. पण ती सुई दोन तासांत उतरते. तुझं काय उतरणारे? मनगटात नस दाबली जात असेल. जितका उशीर करशील तितकं ते हाताबाहेर जाईल. उद्या डॉक्टरकडे चल."

"फायनल झाल्यावर."

"मी कोचला फोन करते."

"ताई, पाया पडतो तुझ्या." तो खरंच खाली वाकला. "फक्त दहा दिवस. सही होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. आत्ता बोललीस तर ते मला आजच बाहेर बसवतील."

"सही करायला पेन तरी धरता येणारे का तुला?" ती म्हणाली आणि मग स्वतःच रडली. तिचं हे नेहमीचं होतं. आधी रागवायचं, मग रडायचं, मग ऐकायचं. ऐकायला नको होतं, पण लहान भाऊ पाया पडला की भल्याभल्यांची जीभ अडते.

दहा दिवस टिप्याने जीव मुठीत धरून काढले. रात्रंदिवस एकच गोष्ट मनात. आपल्याला कळणार नाही. बोट नेमकं कधी दगा देईल ते आपल्याला सगळ्यांत शेवटी कळेल.

फायनल दुपारी होती. हॉल गच्च भरला होता. मिस्त्रींनी सकाळीच टेप लावून टिप्याचं टेबल मापलं, चिकटपट्टीच्या चार खुणा केल्या. पंचांनी सगळ्यांचं सामान आदल्या दिवशीच तपासून त्यावर शिक्के मारले होते, पण ते वरवरचं. माउस उघडून कुणी बघत नाही. ताई नातेवाइकांचा पास गळ्यात घालून मंचामागे उभी होती. पर्समध्ये तिने सहीसाठी म्हणून एक नवं पेन आणलं होतं. भीती कितीही असली तरी बहिणींची तयारी चुकत नाही.

सामना बरोबरीत आला आणि शेवटच्या डावावर येऊन ठेपला. त्यातही टिप्याच्या बाजूचे चौघे मेले, समोरचेही चौघे मेले. दोघेच उरले. पडद्यावर एक गोदाम होतं, आणि टिप्या त्यातल्या एका खांबाआड लपून बसला होता. शत्रूची पावलं कानातल्या हेडफोनमध्ये ऐकू येत होती. डावीकडून, जवळ, अजून जवळ. त्याला टिप्या कुठे आहे ते माहीत नव्हतं. आणखी चार पावलं टाकली की तो पाठमोरा समोर येणार होता. टिप्याने काही करायचं नव्हतं. फक्त थांबायचं होतं.

तेवढ्यात गोळी सुटली.

टिप्याला आधी कळलंच नाही कुणाची. मग पडद्यावर स्वतःच्याच बंदुकीतून धूर निघताना दिसला. शत्रू गर्रकन वळला. टिप्याचा पडदा काळा झाला.

मी दाबलं नाही. त्याच्या डोक्यात हे एकच वाक्य होतं. मी दाबलं नाही, मी दाबलं नाही. दुसऱ्या बाजूची पोरं उड्या मारायला उठत होती, तोच टिप्याने हात वर केला. सामान बिघडलं तर हात वर करायचा असा नियम आहे.

"माउस," तो म्हणाला. "आपोआप सुटली."

सामना थांबला. पंचबाईंनी माउस पिशवीत घातला आणि सगळ्यांना मंचामागच्या एका छोट्या खोलीत नेलं. टेबल, एक पडदा, चार खुर्च्या. टिप्या, कोच, आणि बोलावून घेतलेले मिस्त्री. ताई दाराशी थांबली. पंचबाई करड्या जाकिटातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. प्रत्येक खेळाडूच्या हातावर एक कॅमेरा रोखलेला असतो, प्रेक्षकांना बोटांची करामत दिसावी म्हणून.

पडद्यावर टिप्याचा हात मोठा होऊन आला. माउसवर बोटं स्थिर होती. मग तर्जनी हळूहळू खाली झुकली, बसमध्ये पेंगणाऱ्या माणसाची मान कलते तशी, आणि बटणावर टेकली. धूर. पंचबाईंनी ते पुन्हा दाखवलं. पुन्हा तेच.  टिप्या डोळे ताणून आठवायचा प्रयत्न करत होता. त्या क्षणी त्याला काय जाणवलं होतं? काहीच नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ते बोट हललेलं बघितलं होतं, आणि ज्याचं ते बोट होतं त्याच्यासाठी ते हललंच नव्हतं.

"दाबलंय," पंचबाई म्हणाल्या.

"मी नाही दाबलं," टिप्या म्हणाला, आणि यात खोटं काही नव्हतं. त्याची बोबडी वळली होती ती त्यामुळेच.

पंचबाईंनी एका डबीतून पितळेचं छोटं वजन काढलं आणि अलगद बटणावर ठेवलं. टक. त्यांनी वजन उचललं आणि पुन्हा ठेवलं. टक.

"एवढ्याशा वजनाने बटण दाबलं जाता कामा नये. हे मुद्दाम हलकं केलेलं आहे." त्यांनी वही उघडली. "खेळाडूने करून घेतलं असेल तर डाव परत मिळत नाही, निकाल आहे तोच राहतो, आणि खेळाडूवर बंदी येते. सामान सांभाळणाऱ्याची चूक असेल तर डाव पुन्हा खेळता येतो, दुसरा माउस घेऊन. मग त्या माणसाला पुन्हा कुठल्याही हॉलमध्ये पाऊल ठेवता येत नाही. कुणी केलंय?"

कोचने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी टिप्याकडे बघितलं. ते नुसतं बघणं होतं. त्यात राग नव्हता, विनंतीही नव्हती.  टिप्याच्या डोळ्यांसमोर लिफ्ट आली, आई आली, मालकाच्या हातातला कागद आला. एक शब्द बोलायचा होता. त्याने मूग गिळले.

"मी केलं," मिस्त्री म्हणाले. "पोराला माहीत नव्हतं."

पंचबाईंनी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि गळ्यातला पास काढून द्यायला सांगितलं. पास काढताना त्यांचा चष्मा दोरीत अडकला. टिप्या पुढे होऊन तो सोडवू शकला असता. तो जमिनीकडे बघत राहिला. दारातून ताईने हे सगळं बघितलं, आणि तिने त्याच्यावरची नजर काढून घेतली.

मंचावर जायच्या पडद्यापर्यंत मिस्त्रींना येऊ दिलं. जादाचा माउस त्यांनी टिप्याच्या हातात ठेवला.

"याचं बटण कंपनीतून आलंय तसंच आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी हात लावलेला नाही. दाबेल ना?"

टिप्याने मान हलवली. होकारार्थी.

डाव पुन्हा सुरू झाला. जे मागितलं होतं ते मिळालं होतं. पहिल्या मिनिटातच त्याला कळलं की या बटणावर बोट ठेवणं म्हणजे भिंतीवर ठेवणं. मधल्या बोटाने एक-दोन गोळ्या कशाबशा मारल्या. पाच वर्षांच्या सवयीने हात मात्र पुन्हा पुन्हा तर्जनीकडेच वळत होता. तो मागे मागे राहिला. सोबतचे एकेक करून पडले, पण पडता पडता त्यांनी समोरचेही पाडले. नशिबाचा चावटपणा बघा, शेवटी पुन्हा तेच दोघे उरले.

या वेळी शत्रू समोरच आला. दारातून बाहेर पडला आणि टिप्याच्या निशाण्याच्या बरोबर मधे उभा राहिला, पाठमोरा. लहान पोरालाही चुकला नसता. टिप्याने बटण दाबलं. जेवढा जीव होता तेवढा लावून दाबलं.

काही झालं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग जे कुठलाही खेळाडू कधी करत नाही ते त्याने केलं. पडद्यावरून नजर काढून खाली हाताकडे बघितलं. तर्जनी बटणावर नव्हतीच. ती माउसच्या बाजूला घसरून टेबलावर पडली होती, आणि तिथे, मिस्त्रींच्या चिकटपट्टीवर, ती सगळा जोर लावून दाबत होती. त्याने मान वर केली तेव्हा पडदा काळा होता.

कागदाचे रंगीत तुकडे दुसऱ्या टीमच्या डोक्यावर पडायला लागले.  टिप्याच्या बाजूच्या पोरांपैकी कुणी 'आजोबा' म्हणून चिडवलं नाही. हॉलच्या मोठ्या पडद्यावर टिप्याच्या हाताचं चित्रण परत दाखवत होते आणि कोच ते बघत होता. ते पूर्ण हॉलने बघितलं होतं.

टिप्या उठला. मालक समोरून येत होता, त्याच्याकडे न बघता तो मागच्या खोलीत गेला. पंचबाई कागद आवरत होत्या. मिस्त्री कोपऱ्यात आपली कापडी टेप गुंडाळत बसले होते, बाहेर सोडायला कुणी येईल म्हणून. ताई त्यांच्या शेजारी उभी होती.

"ते काकांनी आपणहून केलेलं नाही," टिप्या म्हणाला. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "मी करून घेतलं. तीन वेळा. ते नको म्हणत होते. माझ्या बोटात जीव नाहीये, म्हणून करून घेतलं. त्यांचं नाव काढा."

"आता सांगून तुला काही मिळणार नाही," पंचबाई म्हणाल्या. "उलट बंदी येईल."

"ठाऊक आहे."

"मघाशी का नाही सांगितलंस?"

"घाबरलो होतो."

पंचबाईंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दे. सही कर."

ताईने पर्समधून नवं पेन काढलं, टोपण उघडून त्याच्या हातात दिलं. पहिल्यांदा ते बोटांतून निसटून टेबलावर पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. ताईचा हात पुढे आला, पण तिने तो मागे घेतला. तिसऱ्यांदा टिप्याने पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं, तर्जनी डाव्या हाताने त्यावर आणून ठेवली, आणि नजर एकदाही न हलवता, पेन अजून हातात आहे ना हे बघत बघत, चार ओळी लिहिल्या. खाली सही केली.

पंचबाईंनी फाइलमधून स्पर्धेचा जुना फॉर्म काढला आणि दोन्ही कागद शेजारी धरले. एक सही झोकदार, शेपटीवाली. दुसरी पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखी, ओळ सोडून खाली उतरलेली.

"ही जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"आता हीच आहे," टिप्या म्हणाला.

 मिस्त्री उठले, टेप खिशात घातली, पेन मागून घेतलं आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली.